रायफलची काडतुसं स्वतः भरायला सुरुवात करतोय: आधी काय घ्यावं?

नवा नेम:

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस इथले जुने धागे वाचतोय, आज पहिल्यांदा स्वतःचा प्रश्न घेऊन आलोय. गेली चार वर्षं .308 विंचेस्टरची बोल्ट ॲक्शन रायफल कागदी लक्ष्यावर चालवतो, 100 पासून 600 मीटरपर्यंत. तयार काडतुसांबद्दल माझी तक्रार एकच आहे, त्यांत सातत्य नाही. मागच्या महिन्यात क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) लावून एका डब्यातली 20 काडतुसं झाडली, तर सर्वांत संथ आणि सर्वांत वेगवान गोळीत सेकंदाला 24 मीटरचा फरक निघाला. 100 मीटरवर तो जाणवतही नाही. 600 वर मात्र छिद्रं अशी वर-खाली पसरतात की श्वास चुकला, ट्रिगर चुकला की काडतूसच तसं होतं, काही कळेनासं होतं. स्वतःची चूक ओळखता येत नसेल तर सराव कशाचा करायचा?

म्हणून रीलोडिंग शिकायचं ठरवलंय. लागणारी परवानगी काढून झाली आहे. (हे वाचून कुणी सुरुवात करणार असेल तर आधी आपल्या इथला कायदा बघा. काही ठिकाणी शस्त्राचा परवाना असला तरी काडतूस भरायची मुभा नसते.) माझ्याच रायफलमधून एकदाच झाडलेल्या, एकाच कंपनीच्या 240 पुंगळ्या (काडतुसाच्या रिकाम्या पितळी नळ्या) जपून ठेवल्या आहेत. एका मित्राने आणखी 20 दिल्यात, त्या किती वेळा झाडल्या गेल्यात हे त्यालाही ठाऊक नाही.

काडतुसं भरायच्या दाबयंत्रांत मन प्रोग्रेसिव्ह प्रेसकडे ओढतंय. हँडल एकदा ओढलं की एक काडतूस तयार, हे बघायलाच छान वाटतं. वजनाला डिजिटल काटा घ्यावा असं डोक्यात आहे. डायच्या (पुंगळी दाबून मापात आणणाऱ्या साच्याच्या) बाबतीत पूर्ण गोंधळ आहे. हात आखडता घ्यायचा नाही, पण चुकीच्या जागी सैल सोडायचाही नाही. अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर लिहावं.

पुंगळीवाला:

नवा नेम, स्वागत. पुंगळ्या जपून ठेवल्यात ही निम्मी लढाई झाली.

प्रोग्रेसिव्हचा विचार तूर्त बाजूला ठेवा. ती यंत्रं वाईट नाहीत. पिस्तुलाची सरळ पुंगळी, महिन्याला हजारो काडतुसं आणि भरणाऱ्याचा हात बसलेला, अशा ठिकाणी डिलन कंपनीच्या प्रोग्रेसिव्हसारखं यंत्र हवंच. पण रायफलची पुंगळी बाटलीसारखी असते, तिला मान आहे, खांदा आहे. साइझिंग (मापात आणणाऱ्या) डायमध्ये घालण्याआधी तिला वंगण लावावंच लागतं. मग ते पुसायचं, लांबी मोजायची, वाढली असेल तर कापायची, कापल्यावर तोंडाची कड आतून-बाहेरून मारायची. म्हणजे एका ओढीत काडतूस हा प्रकार इथे मध्येच तुटतो. शिवाय एका ओढीत चार-पाच जागी चार-पाच कामं होत असली की कुठल्या जागी काय अडकलं हे हाताला कळत नाही. नवख्याला तर ते कळायलाच हवं. प्रायमर (पावडर पेटवणारी बुडातली छोटी टोपी) बसताना तो त्याच्या खिशाच्या तळाला टेकल्याची जाणीव, गोळी मानेत उतरतानाचा सारखा दाब, हे सगळं हात शिकतो ते एका वेळी एकच काम करून.

तेव्हा सिंगल स्टेज प्रेस (एका वेळी एकच काम करणारी) घ्या, ओतीव लोखंडाची, बंद चौकटीची. आरसीबीएसची रॉक चकर, लीची क्लासिक कास्ट, यांपैकी कुठलीही तुमच्यानंतरही टिकेल. फॉर्स्टरची को-ॲक्स अजून सुबक आहे, तिच्यात डाय आटे न फिरवता सरकवून बसवता येतात आणि शेलहोल्डरऐवजी पुंगळी धरायला जबडे आहेत. डाय कुठल्याही कंपनीची चालते, कारण बहुतेक सगळ्यांचे आटे एकाच मापाचे आहेत: 7/8 इंच व्यास, इंचाला 14 आटे.

पण प्रेसवर एवढी चर्चा सगळीकडे होते आणि मोजायच्या साधनांवर होत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. प्रेस म्हणजे एक तरफ आहे. पुंगळी दाबणं एवढंच तिचं काम. काडतूस चांगलं झालं की नाही, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे सुरक्षित झालं की नाही, हे सांगतो तो कॅलिपर, खांद्याचं माप घेणारा कंपॅरेटर, काटा आणि काटा तपासायची वजनं. पैसे कमी पडत असतील तर प्रेस जुनी घ्या. लोखंडाचं काही बिघडत नाही. मोजमापाची साधनं मात्र नवी आणि चांगली घ्या. आणि सगळ्याच्या आधी दोन लोडिंग मॅन्युअल विकत घ्या, एक गोळी बनवणाऱ्या कंपनीचं, एक पावडर बनवणाऱ्या कंपनीचं. कोष्टकांच्या आधीची शंभरेक पानं लोक वाचत नाहीत. ती दोनदा वाचा.

काटेकोर:

पुंगळीवाला काकांशी शंभर टक्के सहमत. काट्याबद्दल माझं थोडं वेगळं मत आहे, ते मांडतो.

मी पहिली दोन वर्षं साध्या डिजिटल काट्यावर काढली. एका संध्याकाळी 50 पुंगळ्यांत पावडर टाकून झाली, शेवटी सवयीने तपासणीचं वजन ठेवलं, तर काटा 0.4 ग्रेन कमी दाखवत होता. म्हणजे त्या 50 पैकी काहींत तेवढी पावडर जास्त पडली होती, आणि घसरण कधी सुरू झाली हे सांगायला कुणीच नव्हतं. सगळ्या पुंगळ्या ओतून रिकाम्या केल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पंख्याची झुळूक, खोलीचं बदललेलं तापमान, चालू केल्या केल्या घाईने वजन करणं, एवढंही अशा काट्याला पुरतं. 1 ग्रेन म्हणजे जेमतेम 64.8 मिलिग्रॅम, आणि आपण बोलतोय त्याच्याही दहाव्या भागाबद्दल.

म्हणून माझा सल्ला, पहिला काटा दांडीचा घ्या. गुरुत्वाकर्षणावर चालतो, बॅटरी नाही, घसरण नाही. दांडी डोळ्याच्या रेषेत येईल अशा उंचीवर फळी ठोका, नाहीतर तिरकस बघून वाचन चुकतं. डिजिटल घ्यायचाच असेल तर अर्धा तास आधी चालू करून ठेवा आणि दर दहा पुंगळ्यांमागे तपासणीचं वजन ठेवा. ते वजन तुमच्या भराईच्या जवळपासचं हवं. 

पावडर मोजून टाकणारं यंत्र पहिल्या दिवशी नसलं तरी चालतं. काडीसारख्या लांब दाण्यांची पावडर त्यात नीट मोजली जात नाही, दाणे कापले जातात, कधी अडकतात. थोडी कमी टाकून, उरलेली ट्रिकलरने दाणादाणा पाडत काटा गाठायचा. बारीक गोल दाण्यांच्या पावडरीला मात्र ते यंत्र छान चालतं.

नवा नेम:

दोघांचेही मनापासून आभार. प्रोग्रेसिव्हचं भूत उतरलं. दांडीचा काटा आणि सिंगल स्टेज नक्की.

आता डाय. फुल लेंग्थ घ्यावी की फक्त मान दाबणारी नेक डाय? नेक डायने पुंगळीला कमी ताण बसतो आणि ती जास्त टिकते असं वाचलंय.

पुंगळीवाला:

फुल लेंग्थ घ्या. नेक डायने पुंगळी दोन-तीन वेळा निघते, मग चेंबरमध्ये (रायफलमध्ये काडतूस बसतं त्या पोकळीत) घट्ट होऊ लागते, बोल्ट बसेना होतो आणि शेवटी फुल लेंग्थ करावीच लागते. म्हणजे प्रत्येक झाडणीला माप वेगळं. तुम्हाला हवंय सातत्य.

पुंगळी टिकत नाही याचा दोष फुल लेंग्थ डायला देतात, पण खरं कारण डाय बसवण्याची पद्धत. बहुतेक डायसोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं: रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा दांडा) वर घ्या, डाय शेलहोल्डरला टेकेपर्यंत फिरवा, वर आणखी थोडी फिरवा. याने पुंगळी कुठल्याही रायफलमध्ये बसेल इतकी आखूड होते. तुमचं चेंबर जरा लांब असेल तर खांदा गरजेपेक्षा खूप मागे ढकलला जातो. झाडताना तो पुन्हा पुढे जातो, आणि त्यासाठी लागणारं पितळ ताणलं जातं ते बुडाच्या थोडं वर. असं तीन-चार वेळा झालं की भिंत तिथेच पातळ होते आणि एक दिवस पुंगळी दोन तुकडे होऊन बाहेर येते. पुढचा तुकडा चेंबरमध्येच राहतो, आणि गरम वायू मागे कुठे येतील याचा नेम नाही.

करायचं असं. तुमच्या रायफलमधून झाडलेल्या पाच पुंगळ्यांचे प्रायमर आधी काढा, कारण किंचित बाहेर आलेला प्रायमरही माप बिघडवतो. कंपॅरेटर लावून बुडापासून खांद्यावरच्या ठरावीक बिंदूपर्यंतची लांबी मोजा. .308 मध्ये तो बिंदू म्हणजे खांद्याचा व्यास 0.400 इंच असतो ती जागा. आता डाय मुद्दाम वर ठेवून सुरुवात करा आणि थोडी थोडी खाली आणत जा. खांदा झाडलेल्या मापापेक्षा एक ते दोन थाऊ मागे गेला की थांबा. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, 0.0254 मिलिमीटर.) तिथे नट आवळून टाका. 240 पुंगळ्यांतली प्रत्येक मोजायची गरज नाही, पण दर दहावी मोजा.

एक सांगायचं राहिलं. डाय खाली आणताना सुरुवातीला खांदा मागे जाण्याऐवजी एखाद-दोन थाऊ पुढेच आलेला दिसेल. घाबरू नका. पुंगळीचं अंग बाजूने दाबलं गेलं की पितळ वर सरकतं. अजून थोडी खाली आणली की खांदा मागे जायला लागतो.

रानपाखरू:

काका, किती छान समजावलंत. वाचनखूण साठवली.

मी वंगणाचा अनुभव सांगते. माझ्या पहिल्याच दिवशी चौथी पुंगळी डायमध्ये अडकली. लावलं होतं वंगण, पण घाईत, बोटाने खांद्याजवळच फिरवलं होतं आणि बुडाकडचा भाग कोरडा राहिला होता. रॅम वर जाताना हँडल एकदम जड झालं. तिथेच थांबून उलट ओढायला हवं होतं. मी दोन्ही हातांनी जोर लावून खाली दाबलं. परत येताना शेलहोल्डरने बुडाची कड ओरबाडून काढली आणि पुंगळी डायमध्ये तशीच. शेवटी बूड ड्रिलने पोखरून, टॅपने आटे पाडून, बोल्ट घालून ओढून काढावी लागली. पूर्ण दुपार गेली. तेव्हापासून कानाला खडा, हँडल जड लागलं की हात थांबला पाहिजे.

आता लॅनोलिनचं स्प्रे वापरते. पुंगळ्या मोठ्या झिपच्या पिशवीत घालून फवारते, घोळवते आणि त्यातलं अल्कोहोल उडून जाईपर्यंत काही मिनिटं थांबते. हे थांबणं टाळलं तर पुन्हा अडकायची पाळी येते. उलट वंगण जास्त झालं तर खांद्यावर खळगे पडतात. ते दिसायला वाईट, पण छोटा खळगा झाडल्यावर सरळ होतो. अडकलेल्या पुंगळीपेक्षा खळगा परवडला. मानेच्या आतूनही ब्रशने किंचित वंगण फिरवा, नाहीतर एक्सपांडरचा (डायमधला, मान आतून मापात आणणारा) गोळा बाहेर येताना चीं-चीं आवाज करतो आणि मान वाकडी ओढतो.

नवा नेम:

ताई, हे कुठल्याही पुस्तकात असं वाचायला मिळालं नव्हतं. धन्यवाद.

पावडर किती घालायची यावर कुणी सांगेल का? माझ्याकडे 168 ग्रेनच्या गोळ्या आहेत. आपल्यापैकी कुणी .308 ला काय भरतं?

काटेकोर:

हे मात्र इथे कुणी लिहू नये अशी सगळ्यांना कळकळीची विनंती. मीही लिहिणार नाही. टंकताना एक आकडा इकडचा तिकडे झाला तर दुसऱ्याच्या चेहऱ्यासमोर .308 चं चेंबर आहे. सामी या अमेरिकन संस्थेच्या मानकात .308 चा कमाल दाब 62,000 पीएसआय (चौरस इंचाला पौंड) आहे. आकडा फक्त मॅन्युअलमधून किंवा पावडर कंपनीच्या स्वतःच्या माहितीतून घ्यायचा.

तो वाचायचा कसा हे सांगतो. मॅन्युअलमध्ये सुरुवातीची आणि कमाल अशी दोन वजनं असतात. सुरुवातीच्या वजनापासून निघायचं, प्रत्येक पायरीची थोडीच काडतुसं भरायची आणि वर चढताना पुंगळी बघत जायची. ज्या कोष्टकात फक्त कमाल वजन दिलंय तिथे किमान 10 टक्के खालून निघायचं. पावडरचं नाव अक्षरासकट वाचायचं: एच 4895 आणि आयएमआर 4895 या दोन वेगळ्या पावडरी आहेत, आकडा सारखा म्हणून माहिती सारखी नाही. टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा. काम संपलं की उरलेली त्याच डब्यात. पावडर टाकायच्या यंत्राच्या हॉपरमध्ये (वरच्या भांड्यात) उद्यासाठी ठेवली की उद्या ती कुठली होती हे आठवत नाही. ओळख पटत नसलेली पावडर कधीही वापरायची नाही.

दाब वाढल्याच्या खुणा तुम्ही वाचल्याच असतील: प्रायमर सपाट होऊन खिशाच्या कडेपर्यंत पसरणं, बुडावर इजेक्टरचा (बोल्टमधल्या, पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिळीचा) चकचकीत ठसा, बोल्ट उचलायला जड जाणं. यांतली एक जरी दिसली तरी थांबा. पण या खुणा दिसल्या नाहीत म्हणजे दाब ठीक आहे असं समजू नका. काही पुंगळ्या आणि प्रायमर दाब बराच वाढेपर्यंत काहीच दाखवत नाहीत. इथे तुमचा क्रोनोग्राफ खरा सोबती आहे. कमाल वजनाच्या आधीच मॅन्युअलमधला कमाल वेग गाठला, तर दाबही तिथे पोचलाय. फुकट वेग मिळत नसतो.

पुंगळी, प्रायमर, गोळी किंवा पावडरचा लॉट, यांतलं काहीही बदललं तर पुन्हा खालून निघायचं. मित्राच्या त्या 20 पुंगळ्यांत 7.62×51 च्या लष्करी पुंगळ्या असतील तर त्या पूर्ण वेगळ्या ठेवा. त्यांच्या भिंती बहुधा जाड असतात, आत जागा कमी, म्हणून तेवढ्याच पावडरीला दाब जास्त. शिवाय त्यांचा प्रायमर कड दाबून पक्का केलेला असतो. ती दाबलेली कड काढल्याशिवाय नवा प्रायमर बसवायचा नाही.

रानपाखरू:

शिशाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. झाडलेल्या प्रायमरच्या काजळीत शिसं असतं. कोरड्या टंबलरमधून (पुंगळ्या घुसळून साफ करणाऱ्या यंत्रातून) पुंगळ्या चाळताना जी धूळ उडते तीच खरी वाईट. हे काम घरात नाही, बाहेर करा, किंवा पाण्यात धुवायची पद्धत धरा. टेबलावर खाणंपिणं नको आणि उठल्यावर साबणाने हात धुवायचे. घरात लहान मुलं असतील तर कामाचे कपडेही वेगळे ठेवा. 

प्रायमर मूळ खोक्यातच ठेवा. बरणीत सुटे ओतून ठेवले आणि एक पेटला तर सगळे एकदम जातात. बसवताना डोळ्यांना चष्मा लावलाच पाहिजे. पावडरही मूळ डब्यात. डबा उघडल्यावर आंबूस, झोंबणारा वास आला किंवा आत तांबूस भुकटी दिसली तर ती पावडर खराब झाली आहे.

पुंगळीवाला:

दोन मापं सांगतो, म्हणजे चित्र पूर्ण होईल. .308 च्या पुंगळीची कमाल लांबी 2.015 इंच, म्हणजे 51.18 मिलिमीटर, आणि कापायची 2.005 वर. हे माप साइझिंगनंतर घ्यायचं, कारण डायमध्ये पुंगळी लांबते. लांब झालेल्या पुंगळीचं तोंड चेंबरच्या पुढच्या टोकाला चिमटलं तर गोळी सुटायला वाट उरत नाही आणि दाब एकदम चढतो. दुसरं, प्रायमर बुडाच्या पातळीपेक्षा किंचित आत हवा, तीन ते पाच थाऊ. बोट फिरवून खोलगट लागला पाहिजे. बोल्ट ॲक्शनमध्ये वर राहिलेला प्रायमर त्रास देतो, सेमी ऑटोमध्ये तो बोल्ट पूर्ण बंद व्हायच्या आधीच फुटू शकतो.

पहिल्यांदा प्रायमर आणि पावडर न घालता एकच नमुना बनवा. मॅगझिनमध्ये बसतो का, बोल्ट सहज बंद होतो का, बघा. त्याच्यावर मार्करने मोठ्ठं 'नमुना' लिहून ठेवा.

आणि मित्राच्या 20 पुंगळ्या भरण्याआधी कागद अडकवायची एक तारेची टाचणी सरळ करा, टोक काटकोनात वाकवून घासून अणकुचीदार करा. ते तोंडातून आत घालून बुडाकडून वर भिंतीवरून ओढा. बुडाच्या थोडं वर टोक अडकलं तर भिंत तिथे आतून पातळ झाली आहे, ती पुंगळी भरायची नाही.

नवा नेम:

मंडळी, सात आठवड्यांनी परत आलोय, उशिराबद्दल माफ करा. तुम्ही सांगितलं त्याच क्रमाने सगळं घेतलं. प्रेस वापरलेली मिळाली, रॅमला थोडा गंज होता तो साफ केला. दांडीचा काटा डोळ्याच्या रेषेत फळीवर आहे. माझ्या झाडलेल्या पुंगळ्यांचं खांद्याचं माप घेतलं, दोन थाऊ मागे डाय बसवली, आणि काका म्हणाले तसा खांदा आधी थोडा पुढेच आला. आधी माहीत नसतं तर नक्की घाबरलो असतो.

पहिल्या खेपेला पाच पायऱ्यांत प्रत्येकी पाच काडतुसं भरली. प्रत्येक पायरीची वेगळी पिशवी, तिच्यावर तारीख, पावडरचा लॉट, वजन, प्रायमर आणि लांबी लिहिली. वरच्या दोन पायऱ्यांची गरजच पडली नाही. तिसऱ्या पायरीवर पुढच्या वेळी 20 काडतुसं झाडली, वेगातला फरक सेकंदाला 11 मीटर. अजून वजन करण्यात माझा हात बसलेला नाही, हे वहीतल्या नोंदींतूनच दिसतंय.

आता त्या 20 पुंगळ्यांबद्दल. टाचणीचं टोक पहिल्या सहांमध्ये सरळ वर आलं. सातवीत बुडापासून साधारण सेंटीमीटरभर वर टोक अडकलं, नख खाचेत अडकावं तसं. पुन्हा ओढलं, पुन्हा तिथेच. बाहेरून तिथे एक फिकट चकचकीत रेघ होती, पण तशीच रेघ इतर काहींवरही होती आणि त्यांच्यात टोक अडकत नव्हतं. ती बहुधा डायच्या तोंडाची खूण असावी. खात्री करायला सातवी पुंगळी करवतीने उभी चिरली. आतल्या भिंतीत गोल फिरलेली खोल चर स्वच्छ दिसते. तिथे उरलेलं पितळ कागदाच्या पुठ्ठ्याएवढंही जाड नाही. तशा अजून दोन निघाल्या. तिन्ही चिरून वहीच्या पानाला चिकटवल्या आहेत, उरलेल्या 17 पक्कडीने चेपून भंगारात टाकल्या, आणि मित्राला फोन करून त्याच्याकडच्या बाकीच्या पुंगळ्या घेऊन बोलावलंय. रविवारी येतोय, टाचण्या तयार ठेवल्या आहेत.